उसने कान

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या मोबाईलवर तीन गाणी येतात. चार कधी येत नाहीत, आणि दोनही कधी येत नाहीत. धाडणारी आमची धाकटी मुलगी. ती बंगळुरास असते. गाण्यांबरोबर पत्र नसते, क्षेमकुशल नसते. फार तर 'दुसरे रात्री ऐका, बाबा' एवढी सूचना असते. मी ती तिन्ही ऐकतो आणि दिवेलागणीपर्यंत प्रत्येकाविषयी दोन-तीन ओळींचा अभिप्राय लिहून पाठवितो. गेली चार वर्षे हा व्यवहार एकही रविवार न चुकता चालला आहे. माझ्या वयाचे स्नेही जेव्हा मला विचारतात की, तुम्हाला ही आजकालच्या पोरांची गाणी कशी काय ठाऊक, तेव्हा मी गूढपणे हसतो. खरे उत्तर असे आहे की, ते कान माझे नव्हेत. ते मुलीकडून उसने घेतलेले आहेत, आणि आठवड्याच्या आठवड्याला मी त्यांचे व्याज फेडीत असतो.

माझे स्वतःचे कान फार जुन्या घडणीचे. आमच्या घरात मिरजेहून आणलेला तंबोरा होता, आणि अब्दुल करीम खाँ व बालगंधर्व यांच्यामागे संगीतात सांगण्यासारखे काही उरले नाही, असे वडिलांचे ठाम मत होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केले, त्या गोष्टीचा ते पुढे कित्येक वर्षे अभिमानाने उल्लेख करीत. आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमवरही बहिष्कार घातला होता व तो १९७१ पर्यंत टिकला; पण हे सांगताना मात्र वडिलांचा आवाज किंचित खाली येई, कारण आमच्याकडे पेटी होती. केसकरांच्या बंदीचा परिणाम इतकाच झाला की, सगळा हिंदुस्थान सिलोनच्या रेडिओकडे वळला. मीही वळलो. दर बुधवारी रात्री आठ वाजता शेजारच्या बिऱ्हाडी अमीन सयानींची गीतमाला ऐकण्यासाठी मी गणिताची वही घेऊन जात असे. ती वही मी एकदाही उघडली नाही. वडिलांना हे ठाऊक नसावे अशी माझी समजूत होती. पण एका गुरुवारी सकाळी, दाढी करता करता, आरशातूनच त्यांनी मला विचारले, "काल पहिले कोणते आले रे?" मी सांगितले. ते "हूं" म्हणाले व पुन्हा दाढी करू लागले. हा प्रसंग मला अलीकडे फार आठवतो. त्याचे कारण पुढे येईल.

मुलीने पाठविलेल्या पहिल्याच गाण्यांपैकी एकाच्या खाली 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' असे लिहिलेले होते. मला वाटले, हिज मास्टर्स व्हॉइसप्रमाणे ही तबकड्या काढणारी एखादी कंपनी असेल. कुत्रे जाऊन मांजर आले एवढेच. मी अभिप्रायात विचारले की, कंपनीचे नाव कळले, पण गाणाराचे काय? उलट टपाली उत्तर आले की कंपनी अशी नाहीच. ते दिल्लीच्या पाच-सहा तरुणांच्या वाद्यवृंदाचे नाव आहे. २०१९ साली त्यांनी 'बिस्मिल्ला' नावाचा गाण्यांचा संच काढला. तो इंग्रजी आहे, आणि तरीही त्यातली तुतारीसारखी पितळी वाद्ये ऐकताना मला आमच्या लहानपणीच्या वरातीतला बँड आठवला. एखादा चांगला बँडवाला रात्री उशिरा, वऱ्हाडी पांगल्यावर, स्वतःकरिता वाजवू लागला तर कसे वाटेल, तसे काहीसे ते आहे. हे मी लिहून पाठविले तेव्हा तिचे उत्तर आले, 'बाबा, अगदी बरोबर.' शाळा सुटल्यापासून इतके निर्भेळ गुण मला कोणी दिले नव्हते.

या मंडळींना 'स्वतंत्र' संगीतकार म्हणतात. स्वतंत्र म्हणजे ज्यांच्या मागे चित्रपट नाही आणि मोठी ध्वनिमुद्रण-संस्थाही नाही असे. आपल्याकडे गाणे म्हणजे सिनेमातले गाणे असे समीकरण इतके घट्ट बसले आहे की, नायकावाचून व नायिकेवाचून गाणे जन्मू शकते हेच मुळी पुष्कळांना विचित्र वाटते. जयपूरच्या प्रतीक कुहाडचे 'कोल्ड/मेस' हे २०१८ सालचे गाणे असेच निघाले, व पुढल्याच वर्षी बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. मला स्वतःला ते गाणे जरा फिकट वाटले, आणि तसे मी कळविलेही. पण एक गोष्ट त्यात लक्षात आली. हा मुलगा गात नाही. तो आपल्या कानाशी येऊन बोलतो. श्वास घेतलेला ऐकू येतो. ओठ मिटल्याचे कळते. आमच्या पिढीला हे जवळजवळ असभ्य वाटावे. गाणारा व्यासपीठावर आणि आम्ही सतरंजीवर, मध्ये आठ हातांचे अंतर, हा आमचा रिवाज.

परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा रिवाज कलेने पाडलेला नसून बराचसा यंत्राने पाडलेला आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानने पहिल्यावहिल्या तबकड्या भरल्या, त्या वेळी तिला एका कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागले. तीन मिनिटांत ख्याल उरकावयाचा, आणि शेवटी आपले नाव इंग्रजीत ओरडून सांगावयाचे. कारण तबकड्या तयार होणार जर्मनीत, आणि तेथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावयास हवे. कर्ण्याला कुजबूज ऐकू येत नसे. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला, तेव्हा कोठे गाणाराला हळू बोलण्याची मुभा मिळाली. आजच्या मुलांनी ती मुभा शेवटच्या टोकाला नेली आहे इतकेच. निजावयाच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून, मांडीवर संगणक ठेवून ती गाणे भरतात. मग शेजारच्या खोलीत कोणी निजले आहे अशा बेताने त्यांचा आवाज लागला, तर त्यात नवल ते काय? पुष्कळदा खरोखरच कोणी निजलेले असते.

चित्रपटांतल्या संगीताविषयीही माझे मत असेच हळूहळू बदलत गेले. भव्य संगीत मला वर्ज्य आहे असे नाही. २०१६ साली 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन मोठा पाश्चात्त्य वाद्यमेळ मुद्रित केला, आणि करमाळ्याकडच्या उसाच्या फडांवरून ती व्हायोलिने वाहू लागली, तेव्हा आमच्या कुटुंबाने माझा हात धरला होता, हे मी येथे नमूद करून ठेवतो. पण अलीकडे मला ओढ लागते ती वेगळ्या चित्रपटांची. 'कोर्ट'मध्ये संभाजी भगतांची शाहिरी आहे, आणि ती थांबली की उरतात ते पंख्याचे व रस्त्याचे आवाज. चैतन्य ताम्हाणे यांच्याच २०२० सालच्या 'द डिसायपल'मध्ये तर एक गाणारा तरुण रात्रीच्या निर्मनुष्य मुंबईतून फटफटीवर संथपणे जात असतो, तंबोरा वाजत असतो, आणि कानात एका कठोर विदुषीची जुनी व्याख्याने चालू असतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. आठ वर्षे गाणे शिकून ज्याला ते आले नाही, अशा कोणाही मनुष्याने हा चित्रपट एकट्याने पाहू नये. मी पाहिला, व त्या रात्री जेवलो नाही.

वाद्यांना गप्प बसवून वस्तूंना बोलू देणे ही काही नवी युक्ती नव्हे, हेही सांगितले पाहिजे. प्रभातच्या १९३७ सालच्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत असे ठेवलेच नाही. केशवराव भोळे यांच्यासारखा चोखंदळ संगीतकार हाताशी असून, गाणी सोडल्यास त्या म्हाताऱ्याच्या वाड्यात ऐकू येतात ते घरातल्या वस्तूंचेच आवाज. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके कोणत्याही सारंगीहून अधिक काळीज कापतात. मुलीला मी हे अभिमानाने कळविले. तिने उत्तरात फक्त एक घड्याळाचे चित्र पाठविले. हल्लीची मुले चित्रांनी बोलतात; पण त्या दिवशी त्या चित्राचा अर्थ मला नीट लागला नव्हता, असे आता म्हणावे लागते.

आता ज्या गाण्यासाठी हे सगळे लिहावयास घेतले, त्याकडे येतो. पण त्याच्या आधी आणखी एक वादन आहे.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा चित्रपट २०२४ साली कान येथे ग्रां प्री मिळवून नोव्हेंबरात आपल्याकडे लागला. आम्ही दोघे तो पाहावयास गेलो, ते काहीसे बिचकतच. मुंबईच्या पावसाळ्यातल्या दोन मल्याळी परिचारिका, आणि त्यांच्याच रुग्णालयातली स्वयंपाकीण. ही छाया कदम. तिचे राहते घर जाते व ती रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते. समुद्र दिसू लागला तेव्हा आमच्या घरातली, जिचे माहेर त्याच किनाऱ्यावरचे, अंधारात माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, ही लाट आमच्याकडली आहे." एरवी मी हसलो असतो. पण माझे लक्ष एका पियानोकडे लागून राहिले होते. ओल्या मुंबईवरून तो असा काही निथळत होता की, ताल धरू जावे तर सापडत नाही आणि सुटला म्हणावे तर सुटतही नाही. चित्रपटाचे संगीत तोपशे या नावाने काम करणाऱ्या धृतिमान दास यांचे. पण हा पियानो त्यांचा नव्हे हे दुसऱ्या दिवशी मला मुलीकडून कळले. तो वाजविला होता एका इथिओपियन जोगिणीने. तिचे नाव एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू.

१९२३ साली आदिस अबाबाच्या एका मोठ्या घराण्यात ती जन्मली. सहा वर्षांची असताना तिला स्वित्झर्लंडला शाळेत धाडण्यात आले, आणि तेथे ती व्हायोलिन व पियानो शिकली. पुढे इटलीने देश जिंकला तेव्हा कुटुंबासह तिला इटलीत बंदिवास घडला. युद्धानंतर कैरोला जाऊन तिने पुन्हा शिक्षण घेतले. मग लंडनला जाऊन संगीत शिकण्याची संधी आली, आणि देशाबाहेर जावयाची परवानगी तिला नाकारण्यात आली. त्यानंतर तिने वाद्य बाजूला ठेवले व ती डोंगरावरच्या मठात जाऊन जोगीण झाली. तेथे ती कित्येक वर्षे अनवाणी राहिली. पियानोकडे ती परतली ती पुढे, आणि १९६७ साली तिची पहिली तबकडी निघाली तीही गोरगरिबांसाठी पैसा उभा करण्याकरिता. जगाला तिचे नाव कळले ते २००६ साली, एका फ्रेंच कंपनीने तिचे वादन पुन्हा प्रसिद्ध केल्यावर. तेव्हा ती जेरुसलेमच्या इथिओपियन मठात राहत होती, आणि तेथेच मार्च २०२३ मध्ये, शंभरीला काही महिने उरले असता, तिचे देहावसान झाले. चित्रपट तिने पाहिला नाही.

तिच्या देशाच्या संगीतात तिझिता नावाची एक स्वरावली आहे. तिझिता म्हणजे आठवण, हुरहूर. तिच्या एका रूपाचे पाच स्वर म्हणजे आपल्या भूपाचेच पाच स्वर. आठ वर्षे जो भूप मी गुरूंकडे घोटला व ज्याच्यात मला एकदाही आर्तता सापडली नाही, त्याच स्वरांत इतकी हुरहूर असू शकते, हे मला सत्तरीनंतर एका परक्या बाईने दाखविले. हा सगळा अभिप्राय मी मुलीला लिहून पाठविला. पण त्या चरित्रातले एक वाक्य मात्र मी मुद्दामच गाळले. ते परवानगी नाकारल्याचे.

कारण आमच्या घरातही एक परवानगी नाकारली गेली होती. कोणी 'नको' म्हटले नव्हते. म्हटले असते तर बरे झाले असते. २०१९ सालची गोष्ट. धाकटीने चांगली नोकरी सोडली व वर्षभर घरी बसून गाणी करावयाची असे ठरविले. लहानपणी तीही आठ वर्षे शिकली होती, आणि माझ्याहून कितीतरी अधिक शिकली होती. सुटीत घरी आली असता एके रात्री जेवताना तिने मोबाईल ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "बाबा, एक ऐकवू? माझे आहे." मी मान हलविली. गाणे सुरू झाले. संथ होते, कुजबुजल्यासारखे. त्यात तान नव्हती, मुरकी नव्हती. अर्धा मिनिट झाला असेल. मी म्हणालो, "ताक वाढ जरा."

तिने गाणे बंद केले, उठली आणि ताक वाढले. कढीलिंबाची फोडणी दिलेले उत्तम ताक होते. त्यानंतर तिने माझ्यासमोर आपले गाणे कधी लावले नाही, व मीही कधी विचारले नाही. सिनेमाच्या गाण्यांचा मनापासून तिटकारा करणाऱ्या माझ्या वडिलांनी 'काल पहिले कोणते आले' म्हणून मला विचारले होते. आणि मला मात्र गाण्याच्या मध्येच तहान लागली. वर्षभराने ती पुन्हा नोकरीस लागली. त्याचा माझ्या ताकाशी संबंध आहे किंवा नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यानंतर काही महिन्यांनी ही रविवारची तीन-तीन गाणी सुरू झाली. सगळी दुसऱ्यांची.

गेल्या आषाढात एका रात्री झोप येईना, तेव्हा मी मोबाईलच्या शोधाच्या चौकटीत तिचे नाव घातले. एक गाणे निघाले. मराठी, साडेतीन मिनिटांचे. खाली ऐकणारांचा आकडा होता चारशे बारा. तो आता साडेचारशेंच्या पुढे गेला आहे, आणि ती वाढ कोणाच्या कृपेने झाली हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलेच असेल. गाणे कसे आहे, ते मी सांगणार नाही; अभिप्राय देण्याचा माझा अधिकार त्या ताकाबरोबरच संपला. एवढेच सांगतो की, त्यात तबला नाही, ढोलक नाही. लय राखली आहे ती एका कुरकुरीने. जाताना एक, येताना एक. येतानाची किंचित लांब. पहिल्या दोन वेळा मला ते कसले तरी विलायती वाद्य वाटले. तिसऱ्या वेळी मी उठून बसलो. ती आमच्या माजघरातल्या झोपाळ्याची कडी होती. उजव्या बाजूची, जिला तेल घालावयास मी दोन वर्षे टाळाटाळ करीत होतो.

दिवाळी जवळ आली तशी आमच्या घरातलीने सुताराला बोलावले. तो तेलाची बुधली घेऊन आला, आणि मी त्याला परत लावून दिला. "आता ही कुरकुर काय जपून ठेवायची आहे?" असे तिने विचारले. मी उत्तर दिले नाही. ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रात्री तुम्ही पांघरुणात ऐकता ते मला ठाऊक आहे. झोपाळा मीच लोटत होते. ती म्हणाली, आई, हळू, आणि एकसारखा."

"मी कोठे होतो?" मी विचारले.

"तुम्ही फिरायला गेला होता. सहा ते सात. तेवढ्यातच उरकायचे म्हणून तिची सारखी घाई. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बघून माझी मान अवघडली."

गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे तीन गाणी आली. मी तिन्ही ऐकली व नेहमीप्रमाणे अभिप्राय लिहिला. पहिले बरे, दुसरे लांबलेले, तिसरे पुन्हा ऐकणार. मग त्याच्याखाली एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. आमच्या घरातली झोपाळ्यावर बसून निवडत असलेल्या मेथीवरून माझ्याकडे पाहत होती, आणि कडी वाजत होती. शेवटी मी लिहिले ते असे: 'कडीला तेल घातलेले नाही. दिवाळीत येशील तेव्हा मी सायंकाळचा फिरावयास जाणार नाही. तुला अडचण होत असेल तर जाईन. पण मग आईऐवजी झोपाळा एकदा मला लोटू दे.'

संदेश पोहोचल्याची खूण दिसते आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.